सौद्याची शिंदी आणि लिंबाजीचा दोर

संपादकांचा निरोप आला की बैलबाजारातले गमतीचे अनुभव लिहून द्या, दिवाळी अंकाला जरा हलकंफुलकं हवं आहे. देतो. पण गेल्या वर्षी याच अंकात एक लेख आला होता. आमच्या भागात दारू सोडवण्याचं काम एका गुरुजींनी कसं सुरू केलं, समिती कशी स्थापन केली, शाळेच्या भिंतीवर फलक कसा लावला, असं सगळं त्यात होतं. गुरुजी भले गृहस्थ आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण थोडा. समिती त्यांनी स्थापन केली हेही खरं. पण त्याच्या कितीतरी आधी, निजामाचं राज्य असताना, अणदूरच्या बाजाराच्या मागं, ओढ्यापलीकडं काही माणसं रोज संध्याकाळी एकत्र जमत होती आणि त्यातून पिणं सुटत होतं. त्यांच्याकडं फलक नव्हता, म्हणून त्यांच्यावर लेख आला नाही. तेव्हा मी त्यांच्याबद्दल लिहिणार. गमती वाटेत येतील तेवढ्या येतील. ज्यांना निव्वळ हसायचं आहे त्यांनी दुसरा दलाल गाठावा.

मी बैलांचा दलाल. शाळा पाहिली ती बाहेरून. बाप लवकर गेला, त्यामुळं दुसऱ्यांचे बैल एका बाजाराहून दुसऱ्या बाजाराला हाकत नेण्यापासून सुरुवात केली. जळकोट, नळदुर्ग, अणदूर ही गावं मी आधी बैलांच्या मागून पाहिली आहेत. पुढं स्वतःच्या हिमतीवर दलाल झालो. बाहेरच्या माणसाला वाटतं दलाल म्हणजे खोटं बोलणारा. खोटं बोलणारा दलाल एका बाजारापुरता चालतो, दुसऱ्या बाजारी त्याच्याजवळ कुणी उभं राहत नाही. आमचं खरं काम म्हणजे दात बघणं, जनावर चालवून बघणं, मारकं आहे की नुसतंच भित्रं आहे ते ओळखणं, आणि घेणारा न् देणारा या दोघांची अब्रू राखून त्यांना एका जागी आणणं. त्यासाठी उपरण्याखाली हात घालायचा. वर दोघं मोठमोठ्यानं भांडत असतात आणि खाली कापडाआड दलाल त्यांच्या हाताची बोटं दाबून किंमत ठरवत असतो. बघ्यांना आकडा कळत नाही आणि कुणाला कमीपणाही येत नाही. तोंडानं भांडावं, बोटांनी जमवावं, हा धंदा.

आणखी दोन रीती सांगायला हव्यात. एक म्हणजे, बैल विकला तरी त्याचं दावं कुणी विकत नाही. विकणारा आपलं जुनं दावं सोडून घरी नेतो आणि घेणाऱ्याला नवं लावावं लागतं. म्हणून बैलबाजाराच्या कडेला दोर विकणारा हा असतोच. दुसरी रीत शिंदीची. सौदा बोटांनी ठरला तरी तो पक्का व्हायचा शिंदीवर. शिंदीच्या झाडाचा रस, मडक्यात आंबवलेला. सरकारनं त्याचा गुत्ता, म्हणजे ठेका, दिलेला असायचा आणि गुत्तेदाराचा माणूस बाजारातच मडकी मांडून बसायचा. सौदा जमला की पहिला घोट दलालाचा, मग विकणाऱ्याचा, मग घेणाऱ्याचा. दलाल साक्षीदार, म्हणून त्याचा मान पहिला. आता बघा, ज्या दलालाच्या हाताला गुण त्याच्याकडं सौदे जास्त, आणि सौदे जास्त म्हणजे घोट जास्त. जितका हुशार तितका लवकर बुडणार. मी लबाड निघालो. लोटकं ओठाला लावायचं आणि धरणीमातेला म्हणून बरीचशी खाली सांडायची, हे मी पहिल्याच हंगामात शिकलो. आमचे दाजी असं करणारे नव्हते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नागाप्पा नाव. दलाली मला त्यांनीच शिकवली. उंच माणूस, बोलणं हळू. बिथरलेल्या खोंडाच्या वशिंडावर हात ठेवला की खोंड गप्प उभा राहायचा. लोक लांबून यायचे आणि म्हणायचे, सौदा दाजींच्या हातानं पाहिजे. त्या हातानंच घात केला. वर्षं गेली तशी सकाळी बोटं कापायला लागली. आमच्या धंद्यात बोट म्हणजे जीभ. जळकोटच्या एका शेतकऱ्यानं एकदा उपरण्याखालून हात बाहेर काढला आणि चारचौघांत म्हणाला, “दाजी, तुमचं बोट काय सांगतंय ते मला कळंना झालंय. शिवाप्पाला हात द्याया सांगा.” शिवाप्पा म्हणजे मी. दाजींनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. दुसऱ्या बाजारापासून ते सकाळीच पिऊन यायला लागले, बोट स्थिर राहावं म्हणून.

अक्काची जीभ तिखट. एकदा मी घरी गेलो तेव्हा ती जात्यावर बसली होती. म्हणाली, “तुमचे सौदे पक्के व्हत्यात, शिवा. माझा संसार तेवढा कच्चा ऱ्हातोय.”

मग मी कंबर कसली. मी सौदेबाज माणूस, मला एकच विद्या येते. बोलणं एकदा पक्कं करायचं, साक्षीला कुणीतरी ठेवायचं, विषय संपला. दाजींना अणदूरच्या खंडोबापुढं नेलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. त्यांनी मनापासून शपथ घेतली. पुष्कळ दिवस पाळलीही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमचा खंडोबा दोन गावांत मिळून एकच आहे. वर्षातला मोठा काळ देव अणदूरला असतो आणि मग काही दिवस नळदुर्गला जातो. देव पालखीतून नळदुर्गला गेला आणि त्याच आठवड्यात दाजी मला बाभळीखाली पिऊन बसलेले सापडले.

“दाजी, शपथ घेतली होती तुम्ही.”

“घेतली व्हती की. अणदुरात.” त्यांनी शांतपणे माझ्याकडं बघितलं. “द्येव सध्या नळदुर्गात हाय.”

“म्हणून प्यायची?”

“आल्यावर सोडतो, शिवाप्पा. त्येला तर येऊ द्या.”

राग आला होता तरी मला हसू आवरलं नाही. पण पुढं जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. देव परत आला आणि दाजींनी देवळाच्या वाटेनं जाणंच सोडलं. बाजाराला जायचं तर गावाला लांबचा वळसा घालून जायचे. मोडलेल्या शपथेची भीती बसली आणि ती भीती घालवायला पुन्हा शिंदी. मी आणखी एक शपथ घालायला लावली. तीही मोडली. आता दाजींना प्यायला एकाऐवजी दोन कारणं झाली, आणि दोन्ही मीच मिळवून दिली होती.

मग मी त्यांना कडब्याच्या खोलीत कोंडलं. माझ्या मते तो नुसता धीराचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी आतून ओरडणं ऐकू आलं. कडब्याच्या पेंढ्यांतून साप निघतायत म्हणून ते भिंतीवर डोकं आपटत होते, झटके येऊन जीभही चावली गेली होती. अक्कानं वरवंट्यानं कुलूप फोडलं. वैद्य आले आणि म्हणाले की इतकी वर्षं पिणाऱ्याचं असं एकदम तोडलं तर माणूस दगावतो. अक्का माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. मला मात्र तेव्हा वाटलं, एवढं करतोय ते कुणासाठी करतोय.

त्या रागात मी बाजारातल्या शिंदीवाल्याची मडकी लाथेनं उडवली. गुत्ता सरकारी, म्हणजे मडकीही सरकारी. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी मला चावडीत बसवून ठेवलं. जामीन द्यायला कोण आलं असेल, तर दाजी. तोंडाला शिंदीचा वास, आणि अमीनसाहेबांना हात जोडून सांगत होते, “पोरगं लई तापट हाय, पर मनानं वाईट न्हाय. त्येच्या वागन्याची जिम्मेदारी माझी.” अमीनसाहेबांनी मिशीतल्या मिशीत हसून मला सोडलं.

शेवटी अक्कानंच निकाल दिला. दाजींना समोर बसवून, मला साक्षीला ठेवून, म्हणाली, “आता एकडाव जरी पिऊन ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवला, तर म्या लेकरं घिऊन आळंदला काकाकडं निघाले. परत यायची न्हाय.” आमची अक्का एक शब्द बोलली की बदलायची नाही. दाजींनी मान खाली घातली. त्या मानेकडं बघून मला वाटलं, हे घर आता काही टिकत नाही.

आणि मग एक नवल झालं. दाजी घरी पिऊन येईनात. पण बाजार फुटला की कुठंतरी गायब व्हायचे आणि दिवे लागल्यावर उगवायचे. वास नाही. हाताला मात्र बारीक बारीक चिरा. मी दलाल, फुकट काही मिळतं यावर माझा विश्वास नाही. मला वाटलं, वास न येणारी काहीतरी नवी चीज सापडली असणार. एका संध्याकाळी मी अंतर ठेवून त्यांच्या मागं निघालो. ते ओढा उतरून पलीकडं, मातंगांच्या वस्तीकडं गेले. मी चिंचेच्या आड उभा राहिलो. समोर तीन माणसं अंबाडीचा दोर वळत होती. त्यातले एक दाजी.

“या की, शिवाप्पा,” चिंचेकडं न बघताच एकजण बोलला. “मागं मागं चालून पाय दुखलं असतील.”

हा लिंबाजी. गावाला कासरे, दावी, मुसक्या पुरवणारा. बैलबाजाराच्या कडेला बसायचा तो हाच. सगळा बाजार त्याला अरे-तुरे करायचा, मीही करायचो. तो कासरा जमिनीवर ठेवायचा आणि आम्ही तो उचलायचो, हातातून हातात द्यायचा नाही, अशी त्या काळची रीत. आणि इथं गळ्यात लिंग बांधलेले आमचे दाजी त्याच्याच दोराचं दुसरं टोक धरून उभे. माझ्या मनात पहिला विचार आला तो, यांना येताना कुणी पाहिलं तर नाही ना, हा. दाजी नशेत नाहीत हे त्यानंतर लक्षात आलं.

तिसरे होते करीमखाँ. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर जवान होते. पिऊन पहाऱ्यावर झोपले म्हणून नोकरी गेली. तेव्हापासून सगळे त्यांना खाँसाहेब म्हणत, नोकरीत असताना कुणी म्हणत नव्हतं.

दोर वळताना कधी बघितला नसेल तर सांगतो. अंबाडीचे तीन पेड एका टोकाला खुंटीशी लावतात. एक माणूस प्रत्येक पेडाला पीळ भरत राहतो. दुसरा मधे चालत तिन्ही पेड एकमेकांत गुंतू देत नाही. तिसरा शेवटचं टोक ताणून धरतो आणि पीळ भरेल तसं इंच इंच पुढं सरकतो. यातल्या एकानंही हात सोडला तर सगळा पीळ उलटा फिरतो आणि केलेलं काम वाया जातं. म्हणजे एकदा सुरू केलं की कुणाला उठून जाता येत नाही.

“हे काय चाललंय, दाजी?” मी विचारलं.

“दोर वळतुया.”

“ते दिसतंय मला. कशासाठी?”

उत्तर लिंबाजीनं दिलं. “बाजार फुटल्यावर हात मोकळं ऱ्हायलं की पाय मडक्याकडं जात्यात. माझं जात व्हतं. ह्या खाँसायबाचं जात व्हतं. म्हून हात गुतवायचं. शिंदीवाला मडकी उचलून घरी गेला की आमीबी घरी.”

“शपथ काय घातलीस यांना?”

“म्या कसली शपथ घालू? माझ्या द्येवाला तुमी इचारत न्हाय, अन् तुमच्या द्येवाची त्येंनी मोडून ठिवलीया.” खाँसाहेब खो खो हसले, दाजीही हसले. “हितं कायदा एकच. दोर संपस्तवर टोक सोडायचं न्हाय.”

“आणि संपल्यावर?”

“संपल्यावर भूक लागती.”

मग कळलं की दाजी एकदा पिऊन या ओढ्यातच पडले होते. लिंबाजीला त्या दिवशी तिसरा माणूस मिळत नव्हता. त्यानं दाजींना उचललं नाही की उपदेश केला नाही. म्हणाला, पडलाच हाय तर टोक तेवढं धरून पडा. दाजींनी धरलं, आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता आले.

मला हे पटलं, पण ते तिथं असणं पटलं नाही. गावात बोभाटा झाला असता. मी लिंबाजीला म्हणालो, माझ्या खळ्यात ये, बाजाराला लागूनच आहे. जागा माझी, अंबाडी माझी. वर थट्टेनं विचारलं, “उपरणं काढू का सौद्याला?”

लिंबाजी पीळ भरत होता, तो थांबला नाही. “उपरण्याखाली माझा हात धरशिला व्हय, शिवाप्पा?”

उपरण्याकडं गेलेला हात मी खाली घेतला.

“मग तोंडानंच बोलू,” तो म्हणाला. “दिसभर बाजारात तुमी त्येंना पाजायची, मान म्हून. अन् सांजच्याला म्या दोर वळून उतरवायची. ह्यो कंचा सौदा? आदी तुमच्या सौद्याची शिंदी बंद करा. तवर म्या हितून हलत न्हाय. तुमच्या खळ्यात आलो की लोक म्हनत्याल शिवाप्पानं सोडवली. मग तुमी कायदं घालशिला, शपथा घालशिला, अन् दाजी पुन्हा वळसा घालून जातील.”

“हौ,” खाँसाहेब म्हणाले. “बरोबर बोल्या.”

दाजींनी टोक धरून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली आणि ओढा ओलांडून परत आलो. हरलेला सौदा चेहऱ्यावर दाखवायचा नाही एवढं मला येत होतं.

पुढच्या बाजारापासून मी जाहीर केलं की आमच्या दोघांच्या हातचा सौदा शिंदीवर नाही, भंडाऱ्यावर पक्का होईल. बैलाच्या कपाळाला भंडारा, माणसांच्या तोंडात गुळाचा खडा. बाजारचे चौधरी, म्हणजे आम्हा दलालांचे मुख्य, आणि इतर दलालांनी जी चेष्टा केली ती अजून कानात आहे. बारसं हाय का, पाळणा कुठं हाय, घुगऱ्या कवा वाटनार. मी ऐकून घेतलं. गरीब शेतकऱ्यांना गूळ चालला, त्यांच्या बायकांना तर फारच चालला. हळूहळू दाजींचं बोट ताळ्यावर आलं. सकाळी न पिता ते उपरण्याखाली हात घालायला लागले आणि कुणी हात बाहेर काढेना.

मग भूमकडचे एक पाटील आले, लेकाच्या लग्नासाठी खोंडांची जोडी घ्यायला. हंगामातला सगळ्यात मोठा सौदा तो. दाजींच्या हातानं जमला. मी कपाळाला भंडारा लावला, गूळ पुढं केला. पाटील म्हणाले, “गूळ लेकरांना द्या. शिंदी कुठं हाय?”

“आमचा सौदा भंडाऱ्यावर असतो, पाटील.”

“भंडारा द्येवाला. दलालानं घोट घेतल्याबिगर माझा सौदा पक्का न्हाय. आमच्या आज्यापासनं असंच हाय.”

चौधरी याच संधीची वाट बघत होते. त्यांनी स्वतः लोटकं भरून आणलं आणि दाजींच्या तोंडासमोर धरलं. “घ्या, दाजी. एका घोटानं काय आभाळ कोसळतंय? पाव्हन्याचा मान मोडू नका. का मेव्हन्याला इचारावं लागतं आता?”

भोवती माणसं गोळा झाली. दाजींनी लोटकं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्यांचा हात वर यायला लागला. मी मधे घुसलो, लोटकं हिसकावून घेतलं आणि चौधऱ्यांच्या पायावर उलटं केलं. त्यांच्या नव्या जोड्यात शिंदी गेली. पाटील उठले. विकणाऱ्यानं खोंड सोडून परत नेले. चौधऱ्यांनी तिथंच सांगितलं की या हंगामात हे दोघं दलालांच्या ओळीत बसणार नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांना मी या धंद्यात उभं केलं होतं त्यांनीही. त्यातले दोघं पुढं गुरुजींच्या समितीवर सन्माननीय सभासद होते, लेखात त्यांचे फोटो आहेत. असो.

दलालांच्या ओळीत बसायला मला बारा वर्षांची तंगडतोड करावी लागली होती. मी चौधऱ्यांशी भांडत राहिलो. भांडण संपवून वळलो तर दाजी तिथं नव्हते.

इथं थोडं पुढचं सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. दाजी म्हातारे होऊन गेले. मधे दोनदा घसरले, दोन्ही वेळा परत आले. रझाकारांच्या गडबडीत चळवळीतल्या तरुणांनी आमच्या भागातली शिंदीची झाडं तोडली, तेव्हा लोकांना वाटलं आता पिणंच संपलं. संपलं नाही, लोक भट्टीची प्यायला लागले आणि ती जास्त वाईट. लिंबाजीकडं मात्र त्या दिवसांत गर्दी वाढली. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर वाईट वेळ आली तेव्हा खाँसाहेब दाजींच्या घरात राहिले, हे मी अभिमानानं सांगतो, कारण तेव्हा असं करायला कुणी पुढं येत नव्हतं. हे सगळं झालं. पण ते त्या एका संध्याकाळमुळं झालं, आणि त्या संध्याकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

मी हातात काठी घेऊन शिंदीखान्याकडं, गुत्तेदाराच्या गावाबाहेरच्या दुकानाकडं निघालो. वाट ओढ्यावरून जायची. पलीकडं लिंबाजी आणि खाँसाहेब पेड लावून उभे होते. तिसरं टोक धरायला माणूस नव्हता, ते लिंबाजीनंच हातात ठेवलं होतं.

“दाजी आले होते का?”

“ह्या वाटंनंच गेलं,” लिंबाजीनं हनुवटीनं शिंदीखान्याची दिशा दाखवली. “हाक मारली. म्हनालं, माझ्यापायी शिवाप्पाची जागा गेली. थांबलं न्हाईत.”

मी काठी सावरली.

“तुमी गेला तर भांडान व्हईल,” लिंबाजी म्हणाला. “तुमी मडकी फोडशिला. अमीन तुम्हाला न्हेईल. दाजी तुमच्या जामिनाला पिऊन येतील. त्ये एकडाव झालंया.”

“मग काय करू? बघत उभा राहू?”

“उभं कशाला? टोक धरा.”

“मी पीत नाही, लिंबाजी.”

“दोराला काय म्हाईत?”

खाँसाहेब म्हणाले, “मियाँ, त्या दुकानातून घरी जायाचा रस्ता एकच हाय. तो इधरसेच जाताय. आपन दिसलो तो थांबेगा. नहीं दिसलो तो सीधा जायेगा. नक्को जाव उधर.”

सीधा म्हणजे घरी, अक्काच्या उंबऱ्यात. मी काठी टाकली आणि लिंबाजीनं पुढं केलेलं टोक धरलं. ते त्याच्या हातातून थेट माझ्या हातात आलं, मधे जमीन नव्हती. त्या वेळी मला त्याचं काही वाटायलाही सवड नव्हती. अंबाडी तळहात चिरत होती. दोन पावलं पळत जाऊन दाजींची मानगूट धरावी असं वाटत होतं आणि टोक ताणलं की लिंबाजी नुसता म्हणत होता, सैल, जरा सैल. खाँसाहेब त्यांच्या शेळीचं काहीतरी सांगत होते. ती करडाला पाजत नव्हती. मला त्या शेळीचा संताप आला. पण टोक सोडता येत नव्हतं, आणि टोक सोडता येत नसलं की संतापाला जायला जागा राहत नाही. तो हळूहळू बसतो. हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

दाजी आले. दिवेलागण व्हायला आली होती. चालणं सरळ नव्हतं, वास लांबून येत होता. ओढ्याच्या काठावर थांबले. मला बघितलं, माझ्या हातातलं टोक बघितलं. माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं की सांगता येत नाही. लिंबाजीनं माझ्याकडं एकदाच बघितलं. मी तोंड उघडलं नाही. सौद्यात मी पुष्कळदा गप्प बसलो आहे, पण ते समोरच्याला खेळवायला. नुसतं गप्प बसलो तो तेव्हा पहिल्यांदा.

“शिवाप्पाचा हात लई कच्चा हाय,” लिंबाजी कुणालातरी सांगावं तसं म्हणाला. “पीळ सगळा एका बाजूला चाललाय. कुनी बघील तर बरं व्हईल.”

दाजी ओढा उतरून आले. माझ्या हाताशेजारी हात घालून त्यांनी टोक धरलं. त्यांची बोटं कापत होती आणि तो काप दोरातून पार लिंबाजीपर्यंत जात असणार. मी हात काढून घ्यायला लागलो तर दाजी हळू आवाजात म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. दोघं धरू.” अंधार पडेपर्यंत आम्ही तो दोर पुरा केला. मग ते लिंबाजीच्या अंगणातच घोंगडीवर आडवे झाले आणि झोपले. पिऊन उंबऱ्यात ते गेले नाहीत.

उजाडल्यावर मी त्यांना घेऊन निघालो. घराशी आल्यावर ते बाहेर ओट्यावर बसले, आत येईनात. मी आत गेलो. अक्का चुलीपुढं परात घेऊन बसली होती. लेकरांचे कपडे एका बाजूला घडी करून ठेवलेले दिसले.

“राती कुठं व्हते?”

“लिंबाजीकडं.”

“पिऊन?”

खोटं बोलणं मला अवघड नव्हतं. अक्कापुढं ते चाललंही असतं, निदान दोन दिवस. “प्याले होते,” मी म्हणालो. “पण दोरावर परत आले. निम्मा दोर त्यांनी वळला.”

“निम्मा. अन् आदीचा निम्मा?”

“आम्ही तिघांनी.”

अक्कानं माझा हात ओढून तळवा चुलीच्या उजेडात धरला. चिरा बघितल्या आणि हात सोडून दिला. बाहेर दाजींचं खोकणं ऐकू आलं.

“आज तर बाजार न्हाय,” ती म्हणाली. “आज बी बसत्यात का?”

“रोज बसतात.”

“किती मानसं असत्यात?”

मी मोजलं. “चार,” मी म्हणालो.

अक्कानं मडक्यात हात घालून आणखी पीठ परातीत घेतलं, पाण्याचा हबका मारला आणि मळायला लागली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “त्येंना सांग, पाय धुऊन आत या म्हनावं.”